मिरगापासून मिरगापर्यंत

नेसरीच्या खिंडीचे फोटो बहुतेक जण पावसाळ्यात काढतात. डोंगर हिरवेगार झालेले असतात, दगड भिजून काळेभोर दिसतात, वर ढग उतरलेले असतात. फोटो देखणे येतात. पण प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ती २४ फेब्रुवारी १६७४ ची महाशिवरात्र होती. माघ सरत आलेला होता. त्या दिवसांत आमच्याकडे गवत वाळून पिवळे पडते, पहाटे अंगावर चादर लागते आणि दहा वाजता ऊन सोसत नाही. पांगारा फुललेला असतो, पळस फुलत असतो. वाटेवर चिखल नसतो, पाऊल टाकले की फुफाटा उडतो. प्रतापरावांच्या डोळ्यांसमोर जो मुलूख होता तो असा रखरखीत आणि पिवळा होता. कुसुमाग्रजांच्या कवितेने ही खिंड महाराष्ट्राच्या घराघरांत नेली, पण तिचा ऋतू आपण कधी विचारात घेतला नाही.

हे पुस्तक ऋतूचा तो विचार करून तयार झाले आहे. गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड हे तीन तालुके, त्यांना लागून असलेला अंबोलीचा घाटमाथा आणि कोल्हापूर जिल्ह्यातली थोडी निवडक ठिकाणे यांतले फोटो इथे एकत्र केले आहेत. ते गावांच्या क्रमाने लावलेले नाहीत. काळाच्या क्रमाने लावले आहेत, एका मिरगापासून, म्हणजे मृग नक्षत्रापासून, पुढच्या मिरगापर्यंत. एकच जागा तीन-चार वेळा भेटेल. सामानगड वळवाच्या काळ्या आभाळाखाली दिसेल, पुढे धुक्यात दिसेल आणि नंतर कडक उन्हात, ज्या दिवसांत त्याच्या सात कमानींच्या विहिरीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर सावली तिरपी पडते. ज्याला फक्त 'पॉइंट' बघून पुढच्या गावाला जायचे आहे त्याला ही रचना सुरुवातीला अडचणीची वाटेल. पण प्रवासाला निघण्याआधी 'कुठे जाऊ' याबरोबर 'कधी जाऊ' हेही विचारण्याची सवय लागावी, एवढ्यासाठी ती मुद्दाम ठेवली आहे.

या मुलखाची ठेवण समजली की ऋतू आपोआप समजतात. अंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे पन्नास-साठ किलोमीटर यावे, तर पाऊस हजाराच्या आसपास उतरतो. एवढ्याशा अंतरात जंगल, मग भाताच्या ताली, मग ऊस आणि शेवटी काळ्या रानातली कोरडवाहू पिके, असा चार प्रदेशांचा प्रवास होतो. चंदगडची माती तांबडी आणि गडहिंग्लजच्या पूर्व भागाची काळी. हिरण्यकेशी अंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजऱ्याला रामतीर्थाजवळ खडकांवरून कोसळते आणि गडहिंग्लजला येईपर्यंत शांत होते. घटप्रभा आणि ताम्रपर्णी चंदगडच्या पश्चिमेकडून निघून कर्नाटकाकडे जातात. जुलैत अंबोलीत हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत असे धुके असताना नेसरीच्या पूर्वेला ऊन-सावलीचा खेळ चाललेला असतो. एकाच दिवशी दोन ऋतू बघायचे असतील तर या पट्ट्याएवढी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

पावसाचे महिने इथे कोणी कॅलेंडरने मोजत नाही. रोहिणी, मिरग, आर्द्रा, मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हत्तीचा पाऊस, अशी ही मोजणी आहे. तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य आणि हत्ती म्हणजे हस्त. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, म्हणून ७-८ जूनला लागलेला मिरग २१-२२ जूनला संपतो आणि आर्द्रा लागते. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहनही दिलेले असते, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी मोर, आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. वाहनावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण फोटो काढणाऱ्यासाठी ही पंधरवड्यांची वाटणी फार उपयोगाची आहे. 'पावसाळा' या एका शब्दात धूळवाफ पेरलेले तांबडे रान, चिखलात चाललेली रोपलागण, सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, फुललेला तेरडा आणि हस्ताच्या पावसानंतरचे धुऊन निघालेले निळे आभाळ ही सगळी वेगवेगळी चित्रे मिसळून जातात. नक्षत्रांनी ती पुन्हा सुटी होतात.

जागा आणि ऋतू यांची सांगड घालण्यात सगळ्यात पुढे गेलेला देश मला जपान वाटतो. तिथे प्रवासी ठिकाणाला जातो तो ऋतू धरूनच. वसंतात चेरीचा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो आणि शरदात मेपलची लाली उत्तरेकडून दक्षिणेला उतरते. त्यांच्या मागोमाग माणसे कॅमेरे घेऊन फिरतात. टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारात चेरीचे एक ठरलेले झाड आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी जुन्या रोजनिशांतून गोळा केल्या गेल्या, त्या नवव्या शतकापर्यंत मागे जातात. हिरोशिगे या चित्रकाराने १८५६ ते १८५८ या काळात एदो शहराच्या शंभरावर दृश्यांची ठसाचित्रे केली, आणि तो संच ऋतूंनुसार लावला गेला. म्हणजे कॅमेरा रुळण्याच्या आधीच तिथे जागा आणि वेळ यांची सांगड पक्की झाली होती. आपल्याकडे ही सांगड शेतीत होती, जत्रा-यात्रांत होती, पण चित्रांच्या आणि फोटोंच्या पुस्तकांत ती फारशी उतरली नाही.

का उतरली नाही हे समजायला आपल्या फोटोग्राफीचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ सुरुवातीपासून त्या मंडळींत होते आणि हरिश्चंद्र चिंतामण त्या वर्गात शिकून पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. पण त्या काळातला कॅमेरा मुख्यतः दोन कामांना जुंपला गेला. साहेबाला लेणी, देवळे, किल्ले यांची नोंद हवी होती आणि शहरातल्या प्रतिष्ठितांना स्वतःची छबी हवी होती. नोंदीसाठी कोरडी हवा आणि लख्ख ऊन लागते, म्हणून ते फोटो हिवाळ्या-उन्हाळ्यातले. काचेवर ओले रसायन चढवून, ते वाळण्याआधी फोटो उतरवून धुवायचा अशी ती रीत असल्यामुळे घाटातल्या पावसात काम करणे जवळजवळ अशक्यच होते. सह्याद्रीचा खरा ऋतू कॅमेऱ्याच्या पहिल्या काही दशकांत असा बाहेरच राहिला.

तो आत आणला चित्रकारांनी, आणि इथे कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापुरात परत आले. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. १९३१ साली ते गेले. कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर त्यांनी आयुष्यभर रंगवला. पाण्यावरचा सकाळचा उजेड आणि संध्याकाळचा उजेड यांतला फरक हाच त्यांचा विषय होता. ऋतू धरून फोटो काढू पाहणाऱ्याने कॅमेऱ्याचे माहितीपुस्तक वाचण्याआधी आबालालांची मिळतील तेवढी निसर्गचित्रे पाहावीत, असे मी आग्रहाने म्हणेन. त्यांच्या मागोमाग दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर आणि पुढे चंद्रकांत मांडरे यांच्यापर्यंत निसर्गचित्रणाची ही परंपरा चालत आली. चंद्रकांत पडद्यावरचे नट म्हणून घराघरांत माहीत होते, पण राजारामपुरीतल्या त्यांच्या कलासंग्रहालयात गेले की त्यांनी डोंगर, ओढे आणि झाडे किती प्रेमाने पाहिली होती ते कळते.

बाबूराव पेंटरांनी तर हे डोळे थेट कॅमेऱ्याला दिले. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, शिष्यांना घेऊन कोल्हापुरातच चित्रपटाचा कॅमेरा बनवला, आणि 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये खेड्यातल्या शेतकऱ्याची कहाणी होती. पुढे भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांनी पन्हाळ्याच्या परिसरातले डोंगर आणि माळ मराठी माणसाच्या नजरेत कायमचे बसवले. आज आपण एखाद्या माळावर उभे राहून 'काय सीन आहे' म्हणतो, त्यामागे या लोकांनी घडवलेली नजर आहे.

याच्या शेजारी आणखी दोन-तीन प्रवाह वाहत आले. फोटोग्राफी क्लबांच्या स्पर्धांनी 'पिक्टोरियल' फोटोची आवड लावली. गोधुळीतले बैल, चुलीचा धूर आणि तिरपा कवडसा हे त्याचे नेहमीचे विषय. त्यातून हात तयार झाले हे खरे, पण गाव कुठले, महिना कोणता हे त्या फोटोंवरून सांगता येत नाही, आणि ती उणीव मला मोठी वाटते. गिरिभ्रमण करणाऱ्यांनी किल्ले पालथे घातले. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने दोन पिढ्यांना गडांवर नेले आणि त्या पिढ्यांनी कॅमेरेही वर नेले. गोपाळ बोधे यांनी महाराष्ट्राचे किल्ले आणि किनारा आकाशातून टिपला, आणि २०१० साली उद्धव ठाकरे यांचे 'महाराष्ट्र देशा' हे फोटोंचे पुस्तक आले. या कामामुळे गडाचा आकार, तटाची वळणे आणि डोंगराची बेलाग ठेवण पहिल्यांदा एका नजरेत दिसली. अलीकडचा प्रवाह जमिनीला नाक लावून पाहणाऱ्यांचा. अंबोलीत पावसाळी रात्री बॅटरी घेऊन बेडूक, साप आणि कीटक शोधणारी तरुण मंडळी त्यात येतात. अंबोलीच्याच नावाने ओळखला जाणारा भेक तिथल्या सड्यांवर राहतो आणि हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशाला नदीचे नाव मिळाले आहे. त्या उगमाच्या जागेला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. डोंगराचा फोटो आणि डोंगरातल्या बेडकाचा फोटो हे दोन वेगळे छंद आहेत, असे मात्र या पुस्तकात मानलेले नाही.

आता आमच्या ऋतूंबद्दल, कारण नवख्या माणसाची इथे एका गोष्टीत हमखास गफलत होते. लाल पाने म्हणजे शरद, हे चित्र परदेशी फोटोंनी डोक्यात बसवले आहे. सह्याद्रीत लाल पाने येतात वसंतात. कोशिंब, ज्याला काही जण कुसुंब म्हणतात, मार्चच्या सुमारास पालवी धरतो आणि ती पालवी रक्तासारखी लाल असते. हे झाड जवळून पाहावे. पहिल्या काही दिवसांत पान इतके कोवळे असते की ते देठाला लोंबते आणि त्यातून उजेड आरपार जातो. सूर्य पानामागे ठेवून सकाळी लवकर फोटो काढला तर एकेक शीर दिसते. दुपारी समोरून ऊन पडले की तेच झाड विटकरी आणि निर्जीव दिसते. थोड्या दिवसांत लाल रंग तांबूस होतो, मग पोपटी, आणि आठ-पंधरा दिवसांनी जंगलातून जाणाऱ्याला ते झाड ओळखूही येत नाही. आजरा-चंदगडच्या घाटवाटांवर अशी झाडे ठिकठिकाणी आहेत, आणि तरीही या रंगासाठी मुद्दाम प्रवास करणारा माणूस मला क्वचितच भेटला.

वळवाचे दिवस मला वर्षातले सगळ्यात चांगल्या उजेडाचे वाटतात. एप्रिल-मेमधल्या संध्याकाळी पूर्वेला आभाळ शाईसारखे भरून येते आणि पश्चिमेकडून मावळता सूर्य आडवा उजेड टाकतो. मोकळे नांगरलेले रान आणि त्यातले एकटे आंब्याचे झाड त्या उजेडात असे उठून दिसते की कुणीही फोटो काढला तरी चांगला यावा. याच्या उलट आर्द्रा आणि तरण्या पावसात आभाळ पांढरे फटक आणि उजेड सपाट असतो. तेव्हा आभाळ फ्रेमच्या बाहेरच ठेवावे आणि रोपलागणीच्या बायकांचे हात, चिखलातले तरव्याचे मूठ-मूठ गड्डे, बांधावरून वाहणारे पाणी यांच्याकडे वळावे. रोप लावणारी बाई दिवसभर वाकलेली असते, तिला विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये. विचारले तर ती बहुधा हसून नाव-गाव विचारते आणि चहाला थांबवते. मोठा पाऊस ओसरला की सड्यांची पाळी येते. तेरडा, सोनकी, गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवे कातळावरच्या बोटभर मातीत उगवतात. तिथे पाय ठेवताना दहा वेळा पाहावे.

ज्या सकाळी प्रवाशाचा फोटो सगळ्यात सुंदर येतो, ती सकाळ शेतकऱ्याला बऱ्याचदा सगळ्यात वाईट असते. हे ठाऊक नसलेल्या माणसाने या मुलखाचे पुस्तक करू नये असे मला वाटते. जानेवारी-फेब्रुवारीत चंदगड-आजऱ्याच्या दऱ्यांत भरून राहिलेले धुके कॅमेऱ्याला वेड लावते, पण तेच धुके काजूच्या आणि आंब्याच्या मोहोराला मारते. उसाला तुरा आला की संध्याकाळच्या उन्हात चंदेरी समुद्र दिसतो, आणि शेतकरी मात्र तुरा पाहून हळहळतो, कारण तुरा आलेला ऊस पोकळ पडत जातो, त्याचे वजन आणि साखर घटते. हत्तीच्या पावसातली वीज फोटोत झकास दिसते, आणि त्याच रात्री कापायला आलेले भात आडवे होते. म्हणून या संग्रहातल्या फोटोंखाली त्या दिवसाने पिकाचे काय केले तेही लिहिले आहे. त्याने फोटोचे सौंदर्य कमी होत नाही. तो फोटो आमच्या गावचा होतो.

काही जागा तर तारखेसाठीच आहेत. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून देवीच्या मूर्तीकडे जातात. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध गोल, मोकळे छत आहे आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्यातून चंद्र पाहायला लोक रात्री जमतात. जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हातो तो चैत्र पौर्णिमेला. अंबाबाईचे आणि कोपेश्वराचे देऊळ बांधतानाच उजेडाची वेळ ठरवणारी माणसे आपल्या आधीचे उजेडाचे जाणकारच होती. दाजीपूरचे जंगल, पारगड, कलानिधीगड, तिलारीचा घाट यांच्या ओळखी पुस्तकात आपापल्या ठिकाणी येतील, इथे त्यांचा विस्तार करत नाही.

हे सगळे आजच एकत्र करावेसे का वाटले? फोटो काढणे आता इतके सोपे झाले आहे की जागांना त्याचा त्रास होऊ लागला आहे. जपानातल्या बिएई गावात शेताच्या कडेला एक कलता पॉप्लर होता. त्याच्या फोटोसाठी लोक शेत तुडवत, शेवटी शेतकऱ्याने २०१६ साली तो तोडून टाकला. फुजी पर्वत एका दुकानाच्या वर डोकावताना दिसतो म्हणून फुजिकावागुचिको गावात इतकी झुंबड उडाली की मे २०२४ मध्ये तिथे काळा पडदा लावावा लागला. आपल्याकडे कास पठारावर येणाऱ्यांची संख्या ठरवून द्यावी लागली. अंबोलीच्या मुख्य धबधब्याजवळ पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांची रांग लागते. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत, जंगलात बॅटऱ्या आणि फ्लॅश चमकवले तर काजव्यांची एकमेकांना बोलावण्याची खूणच बिघडते. चंदगड-आजऱ्यात गेली वीसेक वर्षे कर्नाटकातून आलेले हत्ती वावरतात, आणि त्यांच्या मागे मोबाइल घेऊन धावणारी पोरे पाहिली की काळजात धस्स होते. म्हणून काही जागांचा नेमका पत्ता या पुस्तकात दिलेला नाही. घरटी, आमरीची झाडे, हत्तींच्या वाटा आणि भेकांचे सडे यांच्याखाली फक्त तालुका आणि नक्षत्र लिहिले आहे.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. नक्षत्रे पंचांगात जागच्या जागी आहेत, पण पाऊस त्यांचे ऐकेनासा झाला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्याने महापूर पाहिला. त्यानंतर २०२३ चा ऑगस्ट देशभर गेल्या शंभरावर वर्षांतला सगळ्यात कोरडा गेला. क्योतोच्या जुन्या रोजनिशांमुळे आज शास्त्रज्ञांना सांगता आले की २०२१ चा चेरीचा बहर बाराशे वर्षांतल्या सर्वांत लवकरच्या बहरांपैकी आहे. आमच्याकडे कोशिंब कधी पालवला, सावर कधी फुलली, सड्यावरचा तेरडा कधी सुकला याची लेखी नोंद कोण ठेवते? तारीख आणि जागा नीट लिहिलेला साधा फोटोसुद्धा ही नोंद ठेवू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडच्या परिसरातले कातळ बॉक्साइटसाठी खणले गेले. खणण्याआधी श्रावणात तिथे काय फुलत होते हे दाखवणारे तारीखवार फोटो हाताशी असते, तर आज त्यांचे मोल किती झाले असते!

वर सांगितलेल्या जागा सोडल्या तर पुस्तकात प्रत्येक फोटोखाली गाव, तारीख, नक्षत्र आणि दिवसातली वेळ दिली आहे. कॅमेऱ्याची तांत्रिक माहिती शेवटी थोडक्यात येते, कारण पुस्तकातले बरेच फोटो मोबाइलवर काढलेले आहेत आणि त्यांना कुठेही कमी लेखलेले नाही. पावसाळी पंधरवड्यांना स्वतंत्र विभाग आहेत. कोरड्या महिन्यांत लोक नक्षत्रांचे नाव फारसे घेत नाहीत, म्हणून तिथे पिकांचा आणि सणांचा क्रम धरला आहे: सुगी, मळणी, गुऱ्हाळ, महाशिवरात्र, शिमगा, चैत्रातल्या जत्रा. आश्लेषा आणि मघा यांची पाने पातळ आहेत. त्या दिवसांत घाटमाथ्यावर कॅमेरा बाहेर काढणेच कठीण होते आणि दमट हवेत लेन्सला बुरशी धरते.

ती पाने भरायला घराघरांतल्या ट्रंका उघडाव्या लागतील. लग्नाच्या, जत्रेच्या, शाळेच्या सहलीच्या जुन्या फोटोंत मागे कुठे तरी ओढा असतो, माळ असतो, पावसाने भरलेले रान असते. नेसरी, आजरा, अडकूर, चंदगड, कोवाड आणि आसपासच्या कोणत्याही गावात असे फोटो असतील तर त्यांच्या मागच्या बाजूला आठवेल तेवढी तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहून ठेवावी. पुढच्या आवृत्तीत त्यांना याच क्रमात जागा दिली जाईल, आणि त्या ठिकाणाचा आजचा फोटो त्याच नक्षत्रात काढून शेजारी छापला जाईल.